टाय रॉडला हात न लावताही टो बिघडतो

पुढचे शॉकअप बदलले की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मोजून नीट लावणं, करून घ्या, असं मी लिहिलं होतं. त्यातला टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते; तो टाय रॉडनं, म्हणजे स्टीअरिंगचं वळण चाकाला पोचवणाऱ्या दांड्यानं, लावतात. त्यावर उदगीरहून एका दादांनी लिहिलंय: ‘पुढचे शॉकअप बदलताना टाय रॉड खोलावाच लागत नाही. बोल्टाभोवती खडूची खूण करायची आणि तिथंच बसवायचं. अलाइनमेंटचा खर्च वाचकांच्या गळ्यात कशाला मारता?’

दादा, खुणेचा सल्ला चूक नाही, पण तो जुनाच शॉकअप परत बसवताना. नवा घातला की खूण कुठली धरणार? ती जुन्या ब्रॅकेटवर होती, आणि ब्रॅकेट गेला भंगारात.

स्विफ्ट, वॅगनआरमध्ये शॉकअपचा ब्रॅकेट नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी धरलेला असतो. भोक बोल्टापेक्षा जरासं मोठं असतंच. समजा वरच्या भोकात ०.५ मिलिमीटर ढिलाई आहे आणि दोन बोल्टांत ६० मिलिमीटर अंतर. तेवढ्यावर नकल जवळपास अर्धा अंश कलतो. हा झाला कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिलं तर चाकाचा आत-बाहेर कल. आता टाय रॉडची लांबी तीच, पण कललेल्या नकलचा कान (टाय रॉड जोडलेला भाग) जागचा सरकू पाहतो आणि रॉड त्याला सोडत नाही. मग चाकच थोडं वळतं. टो बिघडला, रॉडला पाना न लागता.

पोलोसारख्या गाडीत शॉकअपचा गोल पाइप नकलच्या खोबणीत बसतो, तिथं तुमचं म्हणणं बरंचसं चालेल. तरी दबून खाली बसलेल्या स्प्रिंगा बदलल्या तर गाडीची उंची बदलते, आणि मग तिथंही मोजावंच लागतं.

बसवताना नकलचे दोन्ही बोल्ट सैल ठेवा, ब्रेक डिस्कचा वरचा भाग दोन्ही बाजूंना आतच दाबून धरा आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराला, आवळा. डावीकडे आत आणि उजवीकडे बाहेर राहिलं की गाडी ओढणारच. शॉकअपचा वरचा नट आवळताना त्याचा दांडा फिरतो, म्हणून चमकत्या दांड्याला पकड लावू नका. त्यावरचा ओरखडा प्रत्येक खड्ड्याला ऑइल सील कापतो. वरचं बेअरिंग खरखरत असेल तर तेही बदला. नाहीतर अलाइनमेंटचं मशिन सगळं हिरवं, म्हणजे ठीक, दाखवतं आणि वळणानंतर स्टीअरिंग मधे येत नाही.

अलाइनमेंटवाले नुसता टो फिरवून पैसे घेतात, ही तुमची दुसरी तक्रार मात्र रास्त आहे. आधी हवा नीट भरा, मापांचा आधीचा आणि नंतरचा दोन्ही प्रिंट मागा. कॅम्बर आधी, टो नंतर, कारण कॅम्बर हलवला की टो पुन्हा हलतो. टो लावताना दोन्हीकडचे टाय रॉड सारखेच फिरवायला सांगा, नाहीतर सरळ रस्त्यावर स्टीअरिंग वाकडं दिसेल.

आपल्याकडं काळ्या मातीवरच्या रस्त्यांना लाटा पडलेल्या असतात. गाडी आधीच डोलते, त्यात थोडी ओढ कळतच नाही. म्हणून मधूनमधून टायरवर तळहात आडवा फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं टोचलं तर टो. नुसती आतली कड झिजली असेल तर बहुधा कॅम्बर.