'चालू मशिनला हात लावू नका' या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतींतून आला: शिरोलीतून दोनदा, गोकुळ शिरगावातून एकदा आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीतून एकदा. मजकूर असा: "चालू मशिनला हात लावू नका, बिघडलं की बघा. स्पेअर पार्ट म्हणजे कपाटात कोंडलेला पैसा. कोल्हापुरात काय हवं ते रातोरात बनवून मिळतं. मेंटेनन्ससाठी लाईन बंद ठेवणं म्हणजे आपल्या हातानं नुकसान. आणि जुना मेस्त्री कानानं ओळखतो, त्याला चेकलिस्ट लागत नाही." खाली अंगठ्यांची रांग. फौंड्री (लोखंड वितळवून साच्यात ओतण्याचा कारखाना) आणि मशिन शॉपच्या मेंटेनन्समध्ये माझी बावीस वर्षं गेली. हा मेसेज वाचून दोन ठिकाणी ग्रीसिंगचं वेळापत्रक बंद केल्याचं कळलं, तेव्हा राहवलं नाही.

पहिला मुद्दा, चालू मशिनला हात न लावण्याचा. यात खरं आहे तेवढं आधी मान्य करतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या गस्ती विमानांचा हिशेब सी. एच. वॉडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला, तेव्हा ठरलेल्या तपासणीनंतर लगेचच बिघाड वाढलेले दिसले. पुढे १९७८ मध्ये नोलान आणि हीप यांनी विमानांच्या भागांवर अहवाल दिला. वय वाढेल तसं निकामी होण्याचं प्रमाण वाढतं, असे भाग त्यांना फक्त ११ टक्के सापडले. म्हणजे तारीख आली म्हणून गिअरबॉक्स खोलायचा, चांगलं बसलेलं बेअरिंग ठोकून काढायचं, हे मलाही पटत नाही. खोलताना कचरा आत जातो, सील दुमडतं.

पण त्या अभ्यासातून निघतं ते एवढंच की विनाकारण खोलू नका. बघूच नका, असं त्यात कुठेही नाही. बेअरिंग हाऊसिंगचं तापमान घेणं, तेलाचा रंग बघणं, होज (रबरी पाईप) हातानं चाचपणं, यासाठी एक बोल्टही सैल करावा लागत नाही. शिवाय आपलं काम वाळूच्या साच्यांतलं. छर्रे मारून कास्टिंग साफ करणाऱ्या शॉट ब्लास्टिंगची ब्लेड आणि लायनर, सँड मिक्सरची पाती, भट्टीचं आतलं लायनिंग हे झिजूनच संपतात आणि झीज मोजता येते. इंडक्शन भट्टीच्या कॉइलला पाणी नेणारा होज बघायचा राहिला तर प्रश्न उत्पादनाचा उरत नाही. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी गेलं तर स्फोट होतो आणि प्लॅटफॉर्मवर आपलीच पोरं उभी असतात. अर्थ लीकेजचा (वीज जमिनीकडे गळत असल्याचा) अलार्म बायपास करून हीट मारणारे, म्हणजे भट्टी चालवून लोखंड वितळवणारे, मी पाहिलेत. त्यांच्या हातात असा मेसेज पडू नये, असं फार वाटतं.

आता कपाटात कोंडलेला पैसा. मशिन शॉपमधली एक घटना सांगतो, कारखान्याचं नाव नको. व्हीएमसीच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशिनच्या) स्क्रीनवर बॅटरीचा अलार्म लुकलुकत होता. कंट्रोलच्या मेमरीची ती बॅटरी, काही शे रुपयांची. मशिनची पॉवर चालू ठेवून बदलायची, पाच मिनिटांचं काम. पण स्टोअरला बॅटरी नव्हती आणि "मशिन चालतंय की" म्हणून कोणी मागवलीही नाही. दिवाळीला पाच दिवस पॉवर बंद राहिली. सुट्टीवरून आलो तर पॅरामीटर, म्हणजे मशिनची सगळी सेटिंग, पुसलेले, बॅकअप घेतलेला नाही. कंपनीचा इंजिनिअर येऊन मशिन उभं करेपर्यंत चार दिवस गेले. त्या चार दिवसांत मी मालकांच्या केबिनसमोरून जाणं टाळत होतो, कारण बॅकअप घेणं माझ्याच यादीत होतं.

स्पेअरचा हिशेब त्याच्या किमतीवरून कधीच लागत नाही. तीन गोष्टी विचाराव्या लागतात: तो नसला तर काय थांबतं, यायला किती दिवस लागतात, वर्षाला किती लागतात. समजा, एकसारखे आठ हायड्रॉलिक सिलिंडर आहेत, प्रत्येकाचं सील किट (रबरी सीलचा संच) सरासरी दोन वर्षांतून एकदा जातं आणि मागवल्यावर यायला तीन महिने लागतात. म्हणजे वाट बघायच्या काळात सरासरी एक किट लागणार. बिघाड असे अधूनमधून, कधीही होणारे धरले, तर एकच किट ठेवल्यास ते पुरणार नाही याची शक्यता सुमारे २६ टक्के. दोन ठेवली तर ८ टक्के, तीन ठेवली तर २ टक्क्यांच्या आत. चौथं किट मी घेणार नाही. कपाटात पैसा कोंडतो तो हा हिशेब न केल्यामुळे.

कोंडलेला माल मीही पाहिलाय. विकून टाकलेल्या मशिनचे व्ही-बेल्ट आणि उन्हाच्या खिडकीत ठेवल्यामुळे चिरा गेलेले ओरिंग. थरथरणाऱ्या प्रेसच्या बाजूला रॅकवर ठेवलेली बेअरिंग तर न फिरताच खराब होतात, गोळ्यांच्या खुणा ट्रॅकवर उमटतात. मोटर चालवणारा सुटा ड्राइव्ह वर्षानुवर्षं वीज न देता पडून राहिला तर त्याचे कपॅसिटर उतरतात. स्पेअर घेतल्यावर तोही सांभाळावा लागतो, हे मेसेज लिहिणाऱ्यानं मांडलं असतं तर मी पुढं पाठवलं असतं.

कोल्हापुरात रातोरात मिळतं, याचा मला अभिमान आहे. उद्यमनगरात, म्हणजे शहरातल्या छोट्या वर्कशॉपच्या वस्तीत, संध्याकाळी शाफ्ट टाकून सकाळी घेऊन आलोय, तोही की-वे (किल्लीची खाच) मारून. ६२०५ सारखं नेहमीचं बेअरिंग कुठल्याही दुकानात हात घालून काढून देतात. पण स्पिंडलची जोडीनं जुळवलेली अँग्युलर बेअरिंग, सर्व्हो ड्राइव्ह, प्रपोर्शनल व्हॉल्व्ह उद्यमनगरात बनत नाहीत. आणि बनतं त्यातही एक गोम आहे. आपण टर्नरकडे नमुना म्हणून झिजलेलं बुश नेतो. तो बिचारा व्हर्नियर लावून हुबेहूब तसंच करतो, झिजेसकट. नवीन बुश दोन महिन्यांत खडखडायला लागलं की दोष टर्नरवर जातो. भाग नवा असतानाच माप घेऊन ड्रॉइंग करून ठेवलं, मटेरियल आणि हार्डनेस लिहिला, तरच उद्यमनगरचा खरा उपयोग.

आणि रस्ता? ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस थांबली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. पुण्याच्या डीलरकडे माल तयार असून उपयोग नव्हता. तेव्हापासून पावसाळ्यापुरती माझी यादी वेगळी असते आणि खालच्या फळीवर मी काही ठेवत नाही.

लाईन बंद ठेवण्याच्या नुकसानीबद्दल एवढंच: पॅटर्न बदलताना, भट्टीचं नवं लायनिंग सिंटर होताना (तापवून घट्ट होताना), साप्ताहिक सुट्टीला मशिन थांबतंच. ती वेळ आधी ठरवून सामान हाताशी ठेवलं तर वेगळं शटडाऊन फार कमी लागतं.

राहिले मेस्त्री. कानानं ओळखणारे एक मेस्त्री मी जवळून पाहिलेत. सँड मिक्सरच्या गिअरबॉक्सला कानाशी स्क्रू ड्रायव्हर लावून कोणतं बेअरिंग बोलतंय ते सांगायचे. त्यांच्या निवृत्तीच्या आधी तीन महिने मी रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ वही घेऊन बसायचो. सुरुवातीला म्हणायचे, "साहेब, हे लिहून काय कळणार?" मग स्वतःच सांगायला लागले. त्या वहीतलं एक पान: "मिक्सर २. थंडीत सकाळी सुरू करताना घरघर, दहा मिनिटांत जाते. तेल जाड झालेलं असतं, घाबरू नये. दुपारनंतर घरघर आली तर मोटरच्या बाजूचं बेअरिंग. स्टोअरला एक आहे, वरच्या फळीवर, आडवं ठेवलंय."