लांडग्याच्या नावावर खपवलेली सबब

सध्या एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत फिरतो आहे. त्याचा गाभा असा: माणूस शेवटी प्राणीच. लांडग्यांच्या टोळीत एक ‘अल्फा’, म्हणजे म्होरक्या, असतो आणि तो दहशतीने राज्य करतो. आपल्या मेंदूच्या तळाशी सरड्याचा मेंदू आहे, राग आला की तोच ताबा घेतो. शेवंडीपासून चिंपांझीपर्यंत सगळीकडे दांडगा नरच जिंकतो. आणि हे सगळं उपजत आहे, म्हणून बदलणार नाही.

पहिलं वाक्य बरोबर आहे. आपलं वागणं उत्क्रांतीतून घडलं, यात शंकाच नाही. पण बाकीची वाक्यं त्या खऱ्या वाक्याच्या आडोशाने खपून जातात आणि घरात हात उगारणाऱ्याला, हाताखालच्या माणसांवर खेकसणाऱ्याला आयती सबब मिळते. म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

‘लांडग्यांत अल्फा लढून सत्ता मिळवतो’

ही कल्पना आली कुठून ते आधी पाहू. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात लांडग्यांचं निरीक्षण केलं आणि १९४७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. साधारण १० मीटर बाय २० मीटरच्या आवारात दहापर्यंत लांडगे कोंडलेले होते. रानात एका टोळीचा टापू कित्येकदा शेकडो चौरस किलोमीटरचा असतो आणि वयात आलेला लांडगा एक ते तीन वर्षांचा झाला की सहसा टोळी सोडून जोडीदार शोधायला निघतो. कोंडलेल्या लांडग्याला निघून जाता येत नाही. मग चकमकी झडतात, कोणी वर चढतो, कोणी दबून राहतो. शेंकेल यांनी जे पाहिलं ते खरंच होतं, पण ते कैदेतलं वागणं होतं.

लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात हाच ‘अल्फा’ शब्द वापरला आणि तो जगभर पसरला. पुढे त्यांनीच कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या एल्समियर बेटावर सलग १३ उन्हाळे रानटी लांडग्यांच्या जवळ राहून नोंदी केल्या. १९९९ मध्ये त्यांनी लिहिलं की एवढ्या काळात टोळीच्या आत वर्चस्वासाठी झालेली एकही लढत त्यांना दिसली नाही. कारण अगदी साधं आहे. रानातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पोरं. शिकारीहून परतलेल्या आईबापाच्या तोंडाला पिल्लं खालून चाटतात, अंग चोरून, कान मागे पाडून. त्यावर मोठा लांडगा पोटातलं मांस ओकून त्यांना भरवतो. मोठेपणी लांडगा दुसऱ्यापुढे नमतो ती ढब बरीचशी या भरवून घेण्याच्या ढबीसारखीच आहे. जिला ‘अल्फा’ म्हणतात ती जोडी म्हणजे आईबाप. मोठ्या टोळीत एकाहून जास्त माद्या पिल्लं देणाऱ्या असतील तर भांडणं होतात, हेही खरं. पण तो अपवाद. आपला जुना ग्रंथ पुन्हा छापू नये म्हणून मेक यांनी प्रकाशकाकडे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०२२ मध्ये त्याची छपाई थांबली.

बर्फातून ओळीने चाललेल्या लांडग्यांचं ते छायाचित्रही याच मजकुरासोबत येतं: ‘पुढे म्हातारे आणि आजारी, सगळ्यात शेवटी अल्फा’. ते चित्र कॅनडात बायसनच्या (तिथल्या रानगव्यासारख्या जनावराच्या) शिकारीवर निघालेल्या २५ लांडग्यांचं आहे. खोल बर्फात पुढचा वाट पाडतो आणि मागचे त्याच्या पावलावर पाऊल टाकून दम वाचवतात. सगळ्यात जास्त ताकद लागते ती पुढे, तिथे आजाऱ्याला कोण चालवील?

‘राग म्हणजे सरड्याचा मेंदू’

मेंदूशास्त्रज्ञ पॉल मॅकलीन यांनी १९६० च्या दशकात मेंदूचे तीन मजले कल्पिले: तळाला सरपटणाऱ्यांचा, मध्ये भावनांचा, वर विचारांचा. चित्र लक्षात राहण्यासारखं आहे, पण चुकीचं आहे. उत्क्रांती जुन्या घरावर नवा मजला चढवत नाही, आहे त्या खोल्या लहान-मोठ्या करते. मॅकलीन यांनी ज्याला सरपटणाऱ्यांचा मेंदू म्हटलं ते बेसल गँग्लिया (मेंदूच्या आतले पेशींचे पुंजके) लॅम्प्रे या जबडा नसलेल्या जलचरातही सापडतात, म्हणजे सरडा जन्मायच्या कितीतरी आधीपासून ते आहेत. उलट गर्भातल्या ज्या भागातून आपली ‘विचार करणारी’ मेंदूच्या पृष्ठभागावरची पेशींची चादर तयार होते, त्याच्या जोडीचा भाग सरड्याच्या मेंदूतही असतो. शिवाय सरडा आपला पूर्वज नव्हे. त्याची आणि आपली वाट सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली, आणि तोही तेव्हापासून तितकाच उत्क्रांत होत आला आहे.

एक टोमणा घ्या. तो लागायला आधी शब्द कळावे लागतात, बोलणारा कोण, कोणादेखत बोलला, मागचा संदर्भ काय, हे जुळावं लागतं. हे काम सरड्याच्या आवाक्यातलं नाही. म्हणजे राग पेटतो तेव्हा मेंदूचे ‘वरचे’ भागही कामाला लागलेले असतात. याचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे. ‘सरड्याला आवरतो’ म्हणत दात आवळण्यापेक्षा प्रसंगाचा लावलेला अर्थ पुन्हा तपासला (तो मला हिणवायला बोलला, की स्वतः घाबरला होता म्हणून?) तर राग उतरायला जास्त मदत होते, कारण राग त्या अर्थावरच उभा असतो.

‘शेवंडीतही हेच, चिंपांझीतही हेच’

सेरोटोनिन हे मज्जापेशींतलं निरोप्या रसायन टोचलं की शेवंड पाय ताठ करून अंग उचलते, लढवय्यासारखी दिसते. एवढं खरं. पण तिचा आणि आपला समान पूर्वज ५० कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा, आणि माणसाच्या शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन आतड्यात असतं. तेच रसायन सापडलं म्हणून तेच काम होतं असं नाही.

चिंपांझी जवळचा नातेवाईक, हे मान्य. पण बोनोबो हा चिंपांझीसारखा दिसणारा वानरही अगदी तितकाच जवळचा. आपली वाट त्या दोघांच्या पूर्वजापासून ६०-७० लाख वर्षांपूर्वी फुटली, ते दोघे एकमेकांपासून त्यानंतर फार उशिरा वेगळे झाले. बोनोबोंचे नरही आपसात भांडतात, पण माद्या एकजुटीने दांडग्या नराला वठणीवर आणतात, आणि चिंपांझींसारख्या शेजारच्या टोळीवर जीवघेण्या धाडी त्यांच्यात दिसलेल्या नाहीत. मजकूर लिहिणाऱ्याने दोन सख्ख्या चुलतभावांपैकी सोयीचा तेवढा उचलला. चिंपांझीचा म्होरक्याही नुसता गुंड नसतो. ‘अल्फा नर’ हा शब्द चिंपांझींसाठी लोकांपर्यंत नेणारे वानरांचे अभ्यासक फ्रान्स द वाल पुढे तक्रार करत राहिले की चांगला म्होरक्या भांडणं सोडवतो, हरलेल्याला जवळ घेतो, आणि आकाराने लहान नरही साथीदार जोडून वर येतो.

‘उपजत आहे, म्हणून बदलणार नाही’

सगळ्यात घातक दावा हाच. उपजत म्हणजे ठोकून बसवलेलं, असं नसतं. सुसान मिनेका आणि मायकेल कुक या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या ऱ्हीसस माकडांपुढे साप ठेवला, तर ती घाबरली नाहीत. रानात वाढलेलं माकड सापाला घाबरताना त्यांनी पाहिलं, की थोड्याच वेळात तीही घाबरू लागली. मग चित्रफितीत जोडकाम करून तेच भेदरलेलं माकड फुलांना घाबरतंय असं दाखवलं. फुलांची भीती कोणी शिकलं नाही. म्हणजे वारशाने आलेली गोष्ट ‘सापाची भीती’ नव्हती, ती पटकन शिकण्याची तयारी होती. शिकवणारा भेटला नाही तर ती भीती उगवतही नाही.

केनियात रॉबर्ट सापोल्स्की यांनी अभ्यासलेल्या बबून माकडांच्या टोळीचं उदाहरण याहून बोलकं आहे. १९८० च्या दशकात तिथले आक्रमक नर शेजारच्या टोळीशी भांडून पर्यटकांच्या निवासाचा कचरा खायला जात. त्यातल्या दूषित मांसातून क्षयरोग पसरला आणि टोळीतले जवळपास निम्मे नर, नेमके तेच भांडखोर, मेले. उरलेले शांत होते, टोळी शांत झाली. इथवर नवल नाही. बबून नर वयात आले की जन्माची टोळी सोडतात, त्यामुळे काही वर्षांत त्या टोळीतले सगळे नर बाहेरून आलेले नवे होते, इतर टोळ्यांत वाढलेले. तरी दुबळ्यांना छळणं कमीच राहिलं, एकमेकांचं अंग साफ करणं जास्तच राहिलं. ही एकच टोळी आहे, तिच्यावरून सगळ्या बबूनांचा नियम काढता येत नाही. पण तिथल्या माद्या नवख्या नराला लवकर जवळ करत होत्या, आणि आडदांडपणात वाढून आलेला तो नर काही महिन्यांत तिथली रीत शिकत होता.