परतीचा करंट शेजारच्या ट्रॅकमधून येतो? आधी बोर्ड कुठला ते सांगा

पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, डिझाइनच्या पोस्टमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो: डिफरन्शियल जोडीत (एकच सिग्नल सुलट आणि उलट रूपात नेणाऱ्या तांब्याच्या दोन पट्ट्या, म्हणजे ट्रॅक) एका ट्रॅकमधून गेलेला करंट दुसऱ्यातून परततो, म्हणून खालच्या ग्राउंड प्लेनची, म्हणजे ग्राउंडला जोडलेल्या तांब्याच्या सलग थराची, फिकीर नको. दोन्ही ट्रॅक जमतील तितके चिकटवा आणि लांबी काटेकोर जुळवा.

आधी परतीचा करंट. ट्विस्टेड पेअर केबलमध्ये हे खरंच, तिथे दोन तारांच्या जवळ तिसरं काही नसतं. चार लेयरच्या बोर्डावर मात्र ग्राउंड प्लेन ट्रॅकच्या खाली जेमतेम 0.2 मिमीवर असतो. प्रत्येक ट्रॅकचा परतीचा करंट बहुतांशी त्याच्याच पोटाखालून प्लेनमधून वाहतो, शेजाऱ्याचा वाटा थोडका. 1.6 मिमीच्या दोन लेयर बोर्डावर प्लेन दीड मिमी खाली, म्हणून तिथे शेजारी वरचढ ठरतो. सल्ला देणाऱ्यांच्या डोळ्यासमोर तोच बोर्ड असेल, तर तसं लिहावं तरी!

एकदा घाईत मीच यूएसबीच्या जोडीखाली, ग्राउंडच्या लेयरमधून, 5 व्होल्टचा ट्रॅक आडवा काढला. ग्राउंडला चीर पडली. टेबलावर डेटा व्यवस्थित जात होता, म्हणून गाफील राहिलो. ईएमआय चाचणीत, म्हणजे बोर्ड बाहेर किती रेडिओ गोंगाट फेकतो ते मोजताना, बोर्ड नापास. दोन्ही ट्रॅक हुबेहूब सारखे असते तर चीर एवढी नडली नसती. पण एक ट्रॅक चिरीच्या टोकालगत होता, आणि तो असमतोल कॉमन मोड (दोन्ही ट्रॅकवर एकाच दिशेचा सिग्नल) होऊन केबलवाटे बाहेर पडत होता. 5 व्होल्ट तिसऱ्या लेयरवर नेला, चीर बुजवली, पास.

चिकटवण्याचं म्हणाल, तर ट्रॅक जवळ आणले की जोडीचा इम्पिडन्स (सिग्नलला जाणवणारा अडथळा) घसरतो. यूएसबीला लागणारे 90 ओहम परत मिळवायला ते बारीक करावे लागतात. मग तांब्यातला लॉस वाढतो आणि एचिंगमधली (नको असलेलं तांबं विरघळवण्यातली) जराशी चूकही महागात पडते. 45 ओहमचे दोन ट्रॅक एकमेकांपासून लांब ठेवले तरी जोडी 90 ओहमचीच.

लांबीचं वेड तर अजबच. बोर्डावर 1 मिमी जायला सिग्नलला साधारण 6 ते 7 पिकोसेकंद लागतात. यूएसबी हाय-स्पीडचा, म्हणजे 480 एमबीपीएसचा, एक बिट सुमारे 2083 पिकोसेकंदांचा. अर्ध्या मिमीसाठी नागमोडी काढत बसायचं कशाला? कॉम्प्युटरमधली कार्डं जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस जेन 3 मध्ये बिट 125 पिकोसेकंदांचा, तिथे जरूर जुळवा. पण फरक जिथे पडला त्या वळणापाशीच, नाहीतर मधल्या सगळ्या वाटेवर दोन्ही सिग्नल मागेपुढे धावतात. मध्यापासून मध्यापर्यंत 0.4 मिमी अंतराच्या जोडीचा एक काटकोन बाहेरच्या ट्रॅकला 0.8 मिमी लांब करतो. लगेच पुढे उलट दिशेला तसाच काटकोन आला, की तो फरक आपोआप फिटतो.