दारावरची चिठ्ठी

ताई सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वादाला तोंड फुटलं. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण. न्यायालयाने देशभरासाठी पंधरा सूचना दिल्या. त्यातली एक अशी की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. भाऊजी म्हणाले, "आमच्या वेळी कुठे होते समुपदेशक? आमचं काही अडलं का?" भाचीने लगेच एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा) आकडा टाकला: २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या, त्यात महाराष्ट्रातल्या १,७६४, सगळ्या राज्यांत जास्त. ग्रुप दोन तास गप्प. मग ताईचा मला फोन.

"अगं, तुमच्याकडे शाळेशाळेत असतात ना हे लोक? दिवसभर करतात तरी काय?"

मी न्यू जर्सीत राहते, दोन्ही मुली इथल्या सरकारी शाळेत. उत्तर म्हणून मी तिला एका चिठ्ठीची गोष्ट सांगितली.

इथल्या हायस्कुलात काउन्सेलर, म्हणजे समुपदेशक, आडनावाच्या अक्षरावर वाटलेले असतात. अमुक अक्षरापासून तमुकपर्यंतची सगळी मुलं एकीची, त्यापुढची दुसरीची. एका मे महिन्यात आमची धाकटी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता लायब्ररीत जाऊन बसायला लागली. एका शिक्षिकेच्या ते लक्षात आलं आणि तिने तिला काउन्सेलरकडे पाठवलं. मुलगी गेली. दारावर चिठ्ठी: "एपी परीक्षांच्या कामात आहे, ऑनलाइन वेळ घ्या." (एपी म्हणजे शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय.) दुसऱ्या दिवशी तीच चिठ्ठी. तिसऱ्या दिवशीही तीच. चौथ्या दिवशी बाई भेटल्या, अर्धा तास बसल्या आणि पोरगी त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवली. त्या अर्ध्या तासाचं मोल मी करू शकत नाही. पण आधीचे तीन दिवसही माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आणि त्या बाईंचा दोष नव्हता. त्यांच्या पदाचा इतिहास पाहिला की कळतं. १९०८ मध्ये बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी व्होकेशन ब्यूरो काढला, तेव्हा काम एवढंच होतं की कुठल्या पोराने कुठल्या धंद्यात जावं हे सांगायचं. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह उडवला आणि अमेरिका हादरली. पुढच्याच वर्षी नॅशनल डिफेन्स एज्युकेशन ॲक्ट आला. शाळांत चाचण्या घेण्यासाठी आणि मार्गदर्शक तयार करण्यासाठी पैसा आला, विज्ञानात हुशार पोरं हेरून कॉलेजात पाठवायची म्हणून. मुलाच्या मनाशी त्याचा फारसा संबंध नव्हता. तो संरक्षणाचा कायदा होता! १९९० मध्ये त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 'गायडन्स काउन्सेलर' हे नाव सोडून 'स्कूल काउन्सेलर' घेतलं. म्हणजे मन आलं, पण आधीचं काहीच गेलं नाही. विषयांची वेळापत्रकं, परीक्षांचं नियोजन, कॉलेजची शिफारसपत्रं, सगळं त्याच टेबलावर.

आमच्या राज्याने तर आणखी एक काम दिलं. २०१० मध्ये इथल्या एका कॉलेज विद्यार्थ्याच्या आत्महत्येने देश हळहळला आणि २०११ च्या जानेवारीत छळविरोधी कायद्यावर सही झाली. शाळेत कुणी कुणाला छळल्याची तक्रार आली की एका शालेय दिवसाच्या आत चौकशी सुरू, दहा शालेय दिवसांत पूर्ण. चौकशी कुणी करायची? कायदाच सांगतो, शाळेत काउन्सेलर किंवा तसं प्रशिक्षण घेतलेलं माणूस असेल तर त्यालाच नेमा. हेतू उत्तमच. पण ज्या खोलीत मूल रडायला येतं, त्याच खोलीत त्याचा जबाब लिहून घ्यायचा, हे कुणाला सुचलं असेल?

काउन्सेलरांची ती राष्ट्रीय संघटना म्हणते एका काउन्सेलरमागे २५० मुलं असावीत. २०२३-२४ ची अमेरिकेची सरासरी होती ३७६. टेक्ससमधल्या युवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारानंतर २०२२ मध्ये शाळांतल्या मानसिक आरोग्यासाठी एक अब्ज डॉलर मंजूर झाले. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यातली अनुदानं पुढे न देण्याचं शिक्षण खात्याने जाहीर केलं. टेक्ससने २०२३ मध्ये कायदा करून शाळांना मुलांच्या आधारासाठी धर्मोपदेशक ठेवायची मुभा दिली.

इथल्या आपल्या मराठी लोकांचंही सांगते. महाराष्ट्र मंडळाच्या सहलीला काउन्सेलरचा विषय निघतो तो "तुमची किती एपी घेऊ देते?" एवढाच. धाकटीला काउन्सेलरकडे पाठवल्याची मेल आली तेव्हा माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य होतं, "याचा शिफारसपत्रावर परिणाम नाही ना होणार?" नवऱ्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

ताई सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखंच की." निवडणूक, जनगणना, सर्वेक्षण, खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती: अशैक्षणिक कामांविरुद्ध शिक्षक किती वर्षं ओरडताहेत. उद्या समुपदेशक नेमला तर पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातात पोषण आहाराची नोंदवही येईल, याची मला खात्री आहे. दहावीला २०१६ पासून कलचाचणी आली, तेव्हाही आपण कागदालाच मार्गदर्शन समजलो. बोर्ड परीक्षेच्या सुमारास समुपदेशकांचे फोन नंबर पेपरात येतात. जूनमध्ये पोराला काही झालं तर? बदलापूरच्या २०२४ च्या घटनेनंतर शाळांतल्या मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्यांची आठवण झाली, तक्रारपेट्या लागल्या. पेटीत चिठ्ठी टाकलेलं मूल पुढे कुणाशी बोलणार, हे कुठे ठरलंय?

आपल्या शब्दातच गोम आहे. समुपदेशनाच्या पोटात उपदेश बसलाय, आणि उपदेश करायला आपल्याकडे माणसांची कधी कमतरता नव्हती. ऐकून घ्यायला माणूस मिळत नाही.

ताईच्या शाळेचा पट पन्नाशीच्या आसपास. म्हणजे शंभरच्या अटीत ती बसतच नाही; अशा लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संपर्क ठेवावा, असं निकालात आहे. मला वाटतं, शाळेगणिक पदाचा हट्ट धरूच नये. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या, दहा-बारा शाळांना मिळून एक माणूस द्या, पण त्याच्या नेमणूकपत्रात त्याने काय करायचं नाही ते आधी लिहा: नोंदवही नाही, परीक्षा नाही, चौकशी नाही. ताईचं म्हणणं वेगळं. "तो महिन्यातून एकदा येणार. पालातलं पोर त्याच्याशी का बोलेल?" हेही खरंच. ऊसतोडीला आलेल्या कोणत्या पालात काय चाललंय, कोणाचा बाप पिऊन येतो, हे तिला हजेरी घेताना चेहऱ्यावरून कळतं. माझ्या मुलीच्या काउन्सेलरला सव्वातीनशे मुलांतली ही एक आधी स्क्रीनवर शोधावी लागते. पण ताईकडे दोन वर्गखोल्या आणि एक व्हरांडा. एका पोराला बाजूला घेतलं की बाकीची खिडकीला. दार लावता येईल अशी जागाच नाही. आणि सगळं कळल्यावर त्याचं करायचं काय, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. त्यामुळे माझा हट्ट मी सोडलेला नाही, पण ते येणारं माणूस आधी तिच्याकडूनच शिकेल, एवढं मान्य केलं.

गणपतीच्या आधल्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन. वरून लिंक आली होती: शाळेतील समुपदेशक शिक्षकाचे नाव आज पाचपर्यंत भरा. तिने स्वतःचं नाव टाकलं. पुढचा रकाना होता, 'समुपदेशन प्रशिक्षणाचे एकूण दिवस'. तिने तो रिकामा ठेवला, तर फॉर्म पुढे जाईना.

"मग काय केलंस?"

"शून्य टाकलं. लगेच गेला."