दर दहा मिनिटांनी येणाऱ्या मेलचं गाऱ्हाणं

घरच्या कॉम्प्युटरवर आपोआप येणारी मेल यायची थांबली, की आधी अंगणात या आणि आभाळाकडे बघा. कोकणात जे बंद पडतं ते पावसाने पडतं, नाहीतर वाऱ्याने. दोन्ही नसतील तर खारी हवा आहेच, ती बारा महिने ड्युटीवर असते. इतकी कारणं दारात उभी असताना यंत्राच्या पोटात आणखी एक शोधत बसायचं, हा निसर्गाचा अपमान आहे.

अनुभवाने सांगतो. मी मालवण तालुक्यातला. घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो आणि बुकिंगची चौकशी मेलवर येते. मे महिन्यात पुण्याचा भाचा आंबे खायला आला. खाल्लेल्या आंब्यांची फेड म्हणून त्याने माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही कार्यप्रणाली चढवली आणि दर दहा मिनिटांनी यंत्राने आपण होऊन सर्व्हरवरची मेल उचलून आणावी अशी सोय लावली. मेल आणणारा तो फेचमेल आणि त्याला वेळेवर हाक मारून उठवणारा तो क्रॉन. निघायच्या दिवशी त्याने सगळ्या फायली आवरून जागच्या जागी लावल्या, एकदा हाताने चालवून दाखवलं, दोन मेल आल्या. ‘मामा, आता तुला काहीच करायचं नाही.’ मी आज्ञाधारक मामा. सुरुवातीचे काही दिवस काहीच केलं नाही. कॉम्प्युटरनेही केलं नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर शेजारच्या काकींना विचारा. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, म्हणूनच मत ठाम असतं. आमच्या काकी म्हणाल्या, ‘मेल येणा नाय तर, मेल्या, डबो बंद करून परत चालू कर.’ यातला ‘मेल्या’ हा तांत्रिक शब्द नाही.

डबा बंद करून चालू करणं हा कॉम्प्युटरला लावलेला कौल समजा. देवळात जसा उजवा कौल मिळेपर्यंत माणूस हात जोडून उभा राहतो, तसं पडद्यासमोर उभं राहायचं. एकदाने नाही झालं तर पाच वेळा करा. सहाव्या वेळी मोडेम बंद करून बघा. मग इन्व्हर्टर. दिवस चांगला जातो.

यातूनही काही निष्पन्न झालं नाही तर पासवर्ड बदला. हा उपाय मला फार आवडतो, कारण त्याने एका बिघाडाचे दोन होतात. गुगलच्या खात्यावर ३० मे २०२२ पासून असल्या बाहेरच्या प्रोग्रॅमांना साध्या पासवर्डावर आत घेत नाहीत. दुहेरी पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो, आणि तोच फेचमेलच्या फायलीत लिहिलेला असतो. तुम्ही वैतागून खात्याचा मुख्य पासवर्ड बदललात की हा सोळा अक्षरी पासवर्ड आपोआप रद्द होतो. म्हणजे पहिला बिघाड पुढे कधी सापडला, तरी मेल येणार नाही याची पक्की हमी.

आता वेळापत्रकाला हात घाला. क्रॉनची एक ओळ म्हणजे आधी पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. मग काय चालवायचं ते. रकान्यात चांदणी काढली की ‘प्रत्येक’. दिसायला लहान मुलांच्या पाटीसारखं, म्हणून हात शिवशिवतात. दर दहा मिनिटांनी हवं असेल तर मिनिटाच्या रकान्यात चांदणी, तिरकी रेघ आणि दहा असं लिहायचं असतं. तुम्ही नुसतं दहा लिहा. मग मेल दर तासाच्या दहाव्या मिनिटाला एकदाच येईल आणि उरलेली पन्नास मिनिटं तुम्ही फोनकंपनीला शिव्या घालू शकाल. मी स्वतः याच्या पुढे गेलो. म्हटलं, दर दहा मिनिटांची हाव नको, सकाळी सहाला एकदा आली तरी पुरे. तासाच्या रकान्यात सहा लिहिलं आणि मिनिटाच्या रकान्यातली चांदणी सुंदर दिसत होती म्हणून राहू दिली. त्याचा अर्थ सहा ते सात या तासातलं प्रत्येक मिनिट. सात वाजेपर्यंत क्रॉनने साठ वेळा हाक मारली. इतक्यांदा तर व्याजाने पैसे देणारासुद्धा मारत नाही. ती ओळ मी त्याच दिवशी पुन्हा होती तशी केली.

जुन्या यंत्रातली रुपयाएवढी गोल बॅटरी मेली असेल तर आणखी मजा. लाईट जाऊन आली की यंत्र उठतं ते कुठल्यातरी जुन्या सालात. मेल सर्व्हरचं ओळख पटवणारं प्रमाणपत्र त्याच्या हिशोबाने अजून लागूच झालेलं नसतं, त्यामुळे इंटरनेटवरून घड्याळ जुळेपर्यंत ते सर्व्हरला तोतया समजून परत फिरतं. ती बॅटरी बाजारात सहज मिळते. पण आणू नका. पुढच्या वर्षी काय करणार?

आणि लाईट गेलेली असताना चुकलेल्या फेऱ्यांचं दुःख क्रॉनला नसतं. बंद असताना जे राहिलं ते राहिलं. उठल्यावर पुढची वेळ. (चुकलेली रोजची कामं मागाहून उरकणारा अ‍ॅनाक्रॉन नावाचा त्याचा एक कष्टाळू भाऊ आहे, पण दिवसापेक्षा लहान हिशोब त्याला येत नाही.) २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे लाईटच नव्हती, तर मेल का येत नाही हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. समाधान म्हणतात ते हेच.

हे सगळं करा, पण एक गोष्ट करू नका. लॉग, म्हणजे यंत्राची रोजनिशी, वाचू नका. क्रॉन कधी काय चालवलं ते तिच्यात लिहून ठेवतो. त्याने चालवलेल्या कामाने काही कुरकुर केली, तर ती कुरकुर तो तुम्हाला मेलने कळवतो. होय, मेलने. बाहेरची नव्हे, यंत्राच्या आतली, तुमच्याच नावाची एक टपालपेटी असते तिच्यात. यंत्रात आतलं टपालखातं बसवलेलंच नसेल तर मजकूर टाकून दिल्याची नोंद करतो आणि गप्प बसतो. पण भाच्याने हौसेने ते बसवलं होतं, आणि ती पेटी उघडायची असते हे सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

तीन आठवड्यांनी शेवटी त्यालाच फोन केला. अख्खं गाऱ्हाणं घातलं: मोडेम, इन्व्हर्टर, पासवर्ड, काकी. तिकडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायच्या ऐवजी तो म्हणाला, ‘ते सोड मामा, लॉग काय म्हणतोय?’ ही पिढी सांत्वन करत नाही.

त्याने सांगितलेला शब्द टाइप केला आणि पेटी उघडली. दिवसाला १४४ या हिशोबाने साचलेली पत्रं. प्रत्येकात एकच ओळ: ‘मेलआण’ सापडत नाही. मेलआण ही भाच्याची स्क्रिप्ट, म्हणजे फेचमेलला कामाला लावणारी आज्ञांची फाईल. निघायच्या दिवशी आवराआवरीत त्याने ती माझ्या फोल्डरातल्या ‘bin’ या नावाच्या खणात नेऊन ठेवली होती. माझ्या नावाने हाताने चालवली की यंत्राला तो खण माहीत असतो. क्रॉन मात्र दोनचार ठरलेल्या सरकारी खणांपलीकडे बघत नाही. पूर्ण पत्ता लिहून द्यावा लागतो, गावाच्या नावासकट. तो लिहिला. मेल लगेच आली नाही, कारण पासवर्ड मी बदलला होता. नवा ॲप पासवर्ड घेतला, टाकला आणि एकेचाळीस मेल आल्या. त्यात एका कुटुंबाच्या तीन: खोली आहे का, खोली आहे का, आणि दुसरीकडे ठरवलं.

पत्रं पुसायला गेलो तेव्हा एक लक्षात आलं. मध्ये मध्ये दहा मिनिटांची साखळी तुटलेली होती. बुधवारी दुपारी २.१० चं पत्र, त्यानंतरचं थेट रात्री ९.४० चं. शुक्रवारी पहाटेची पाच तासांची पोकळी. इन्व्हर्टर तासाभरात मान टाकतो, त्यामुळे मोठी लाईट गेली की यंत्रही जातं. म्हणजे तीन आठवड्यांत लाईट कधी गेली याचा तासाभरापर्यंत आणि कधी आली याचा दहा मिनिटांपर्यंत अचूक हिशोब माझ्याकडे तयार होता, तोही फुकट. छापून काढला, सात पानं झाली. खांबावर चढायला आलेल्या वायरमनला दाखवला.

त्याने चार पानं उभ्याउभ्या वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाला, ‘काका, काम चांगला केलास. पण तक्रार आता कागदावर घेणत नाय. मेलवर पाठव. उत्तर मेलवरच येतला.’