‘दाताच्या खुणेला दहा हजार’ : कुत्रा चावलेल्यांना फसवणारा मेसेज

“कुत्रा चावला? जखम धुऊ नका, पुरावा जातो. दात मोजून फोटो काढा, आधार कार्डासह पंचायतीत द्या. दर खुणेला १०,००० रुपये सरकार देतं. पोलिस नको, वकील नको.” हा मेसेज काल मावशीने खरा मानून मला पाठवला, आणि तिच्या नातवाला खरोखरच कुत्रा चावलाय.

‘जखम धुऊ नका’ हे जीवघेणं आहे. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत येतो आणि मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जातो; लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा आणि लगेच आरोग्य केंद्र किंवा गोव्यात असाल तर बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं सरकारी हॉस्पिटल) गाठा. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) हेही लागतं. आणि धुतल्याने कसला पुरावा जातो? कोर्टात वजन असतं ते डॉक्टरांच्या नोंदीला. केसपेपरवर नुसतं ‘डॉग बाइट’ लिहून घेऊ नका. जखम कुठे, किती सेंटिमीटर लांब, किती खोल, मांस तुटलंय का, हे लिहायला सांगा, मेडिको-लीगल नोंद (पोलिस-कोर्टासाठीची डॉक्टरी नोंद) करवा. पट्टी बांधण्याआधी मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा. बिलं, बुडालेल्या पगाराचा दाखला, चेहऱ्यावर व्रण राहिला तर नंतरचे फोटोही जपून ठेवा.

दहा हजारांचा आकडा हवेतला नाही, एवढं मान्य. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने दाताच्या दर खुणेला किमान १०,००० आणि मांस तुटलं असेल तर दर ०.२ सेंटिमीटरला किमान २०,००० रुपये ठरवले. पण तो आदेश पंजाब, हरियाणा आणि चंदीगडपुरता. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातल्या पर्वरीच्या खंडपीठापुढे तो दाखला म्हणून ठेवता येतो, पंचायतीच्या टेबलावर त्याचे पैसे मिळत नाहीत.

पाळीव कुत्रा असेल तर जबाबदारी मालकाची. त्याचा निष्काळजीपणा, किंवा कुत्रा चावरा आहे हे त्याला ठाऊक होतं, हे दाखवावं लागतं. म्हणून वाड्यावर आधी कोणाला चावला होता का, पंचायतीत तक्रार होती का, हे शोधा. ‘पोलिस नको’ तर साफ चूक. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ (प्राण्याबाबत निष्काळजीपणा) खाली तक्रार द्या, शिक्क्याची प्रत घ्या. त्यातला ५,००० रुपयांपर्यंतचा दंड तुमच्या हाती आपोआप येत नाही, भरपाईसाठी दिवाणी दावा वेगळा. इंजेक्शनचे पैसे घेऊन ‘तक्रार नाही’ असं मालकाला लिहून देऊ नका.

भटका असेल तर २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण ही पालिका-पंचायतीची जबाबदारी. किती कुत्र्यांचं केलं, हे माहिती अधिकारात मागा. सरकारवर दावा लावायचा तर दोन महिने आधी नोटीस लागते. मालकावरच्या दाव्याला साधारण ३ वर्षं मिळतात. पालिकेविरुद्ध मात्र मुदत कायद्याचा अनुच्छेद ७२ (कायद्याखाली केलेल्या किंवा न केलेल्या कामाबद्दलच्या दाव्याला १ वर्षाची मुदत) आडवा येऊ शकतो, म्हणून १ वर्षच धरून चाला.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. बायका आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा.