फक्त ही एक यूआरएल सोड ना

वेबसाइट जे एररचे नंबर दाखवते त्यातली ४०४ मला आवडते. सापडलं नाही, विषय संपला. ५०० तर त्याहून मोकळ्या स्वभावाची, पानभर स्टॅकट्रेस, म्हणजे कोड कुठेकुठे फुटला त्याची यादी, ओकून मन हलकं करते. पण ४०३? निव्वळ अबोला. फॉरबिडन. का बाबा फॉरबिडन, झालं काय, तर ते सांगणार नाही. बरं स्प्रिंग सिक्युरिटीला, म्हणजे जावाच्या वेबसाइटींवर पहारा देणाऱ्या लायब्ररीला, कारण पक्कं माहिती असतं, 'इनव्हॅलिड सीएसआरएफ टोकन फाउंड' असं ती लॉगमध्ये लिहितेसुद्धा, पण डीबग या बारीकसारीक लेव्हलला, आणि आपली लेव्हल असते इन्फो, म्हणजे ते दिसतच नाही. त्यात नवीन स्प्रिंग बूट (स्प्रिंगचं तयार पॅकेज) असेल तर अजून मजा, ते ४०३ जातं एररच्या पानाकडे, ते पानच लॉगिनशिवाय कुणाला उघडत नाही, मग समोरच्याला दिसतो ४०१, म्हणजे 'आधी लॉगिन करा', नाहीतर थेट लॉगिनचा स्क्रीन, आणि अख्खी टीम पासवर्ड बरोबर आहे का ते तपासत बसते. रोग रेड्याला अन औषध पखालीला.

आता ज्यांना हे सीएसआरएफ (क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी) प्रकरण माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्राउझर हा भोळा सांब आहे. तुम्ही एका टॅबमध्ये बँकेत लॉगिन केलंय, दुसऱ्या टॅबमध्ये कुठलीतरी भलतीच साइट उघडलीय, त्या साइटने लपवलेला एक फॉर्म गुपचूप बँकेच्या पत्त्यावर पोस्ट केला की, कुकीवर वेगळं बंधन नसेल तर, ब्राउझर तुमची कुकी (लॉगिनची ओळखचिठ्ठी) इमानदारीत जोडून पाठवून देतो. सर्व्हर बघतो, कुकी ओळखीची, म्हणजे साहेबच असणार, करा ट्रान्सफर. यावर उपाय म्हणून सर्व्हर प्रत्येकाला एक टोकन देतो जे त्या भलत्या साइटला वाचता येत नाही, आणि पोस्ट, पुट, डिलीट या बदल करणाऱ्या रिक्वेस्ट येताना ते परत मागतो. गेट, हेड, ऑप्शन्स, ट्रेस यांना मोकळं सोडतो, कारण त्यांनी काही बदलायचं नसतं असा सभ्य लोकांचा समज आहे. (गेटवर रेकॉर्ड उडवणाऱ्या लिंका मी पाहिल्यात. त्यावर बोलायला लागलो तर हा लेख इथेच राहील.)

स्प्रिंगमध्ये जावा कॉन्फिग (एक्सएमएलऐवजी जावातच लिहिलेली सेटिंग) वापरणाऱ्यांना हे २०१३ पासून, म्हणजे स्प्रिंग सिक्युरिटीच्या ३.२ व्हर्जनपासून आपोआप चालू मिळतं. आणि जगातला सगळ्यात लोकप्रिय उपाय म्हणजे ते बंद करणं. सीएसआरएफ डॉट डिसेबल, एक ओळ, ४०३ गायब, सगळे खूश. ही खुशी सिक्युरिटी ऑडिटवाल्यांचा रिपोर्ट येईपर्यंत टिकते. आमच्याकडे रिपोर्ट आल्यावर मॅनेजर म्हणाले, अरे पण ओवास्पच्या टॉप टेनमध्ये तर हे आता नाहीये ना? (ओवास्प ही वेब सुरक्षेवरची संस्था, ती मोठ्या धोक्यांची यादी काढते.) खरंय, वेगळा नंबर नाही, २०१३ च्या यादीत आठव्या नंबरवर होतं, २०१७ ला गेलं. म्हटलं सर, ते यादीतून गेलं कारण फ्रेमवर्कच आता हे संरक्षण चालू करून देतात. आणि आपण ते बंद केलंय. सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मग असं कर, चालू कर पण कुणाला त्रास नको.

कुणाला त्रास नको म्हणजे काय, तर 'सिलेक्टिव्ह'. पूर्ण बंद करायला अक्कल लागत नाही, पूर्ण चालू ठेवायलाही फार लागत नाही, पण थोडं चालू थोडं बंद म्हटलं की टीममधला प्रत्येक जण आपापली यूआरएल घेऊन रांगेत उभा राहतो आणि प्रत्येकाचं वाक्य सेम असतं, फक्त ही एक यूआरएल सोड ना.

पहिला आला पेमेंटवाला. त्याचं म्हणणं रास्त होतं. पेमेंट गेटवेचा सर्व्हर आपल्याला वेबहुक पोस्ट करतो, म्हणजे पैसे भरल्याची खबर आपणहून आपल्या यूआरएलवर धाडतो, त्याच्याकडे आपलं टोकन येणार कुठून, आणि तिथे ब्राउझरही नाही अन कुकीही नाही. फक्त त्या बदल्यात गेटवेने पाठवलेली सही तपासायची, नाहीतर कुणीही येऊन पैसे भरले म्हणून सांगून जाईल. सोडली.

दुसरा आला मोबाइलवाला, छाती काढून. "आम्हाला सीएसआरएफ लागूच होत नाही, आमचं जेडब्ल्यूटी आहे." (म्हणजे लॉगिनची ओळख सांगणारं, सही केलेलं टोकन.)

"वा. ते पाठवता कसं, ऑथरायझेशन हेडरमध्ये?"

"मोबाइल अ‍ॅप हेडरमध्येच पाठवतं."

"आणि तीच एपीआय वापरणारं ते वेबचं अ‍ॅडमिन पॅनल?"

"ते... कुकीत."

म्हणजे ब्राउझर ते आपणहून जोडून देणार. म्हणजे पुन्हा भोळा सांब. जेडब्ल्यूटी हे नाव घेतलं की सगळी संकटं टळतात असा एक नवा संप्रदाय निघालाय, त्यांना कुणीतरी सांगा की प्रश्न टोकन कुठल्या जातीचं आहे हा नसून ते ब्राउझर न विचारता पाठवतो का हा आहे. शेवटी मोबाइलसाठी वेगळी फिल्टर चेन (तपासण्यांची साखळी) केली, जी फक्त हेडर मानते, कुकीकडे ढुंकून बघत नाही, तिथे सीएसआरएफ बंद. पॅनल राहिलं टोकनवाल्या चेनमध्ये. तो अजून नीट बोलत नाही माझ्याशी.

मग टेस्टर आली. "अरे, फीडबॅक फॉर्मला तर तू परमिट ऑल दिलंयस, तरी ४०३ का?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की उत्तर छापून ठेवावं म्हणतो. परमिट ऑल म्हणजे लॉगिन नको, एवढंच. सीएसआरएफचा फिल्टर त्या तपासणीच्या आधीच उभा असतो, तुम्हाला आत बोलावलंय की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही, टोकन दाखवा नाहीतर निघा. ती म्हणाली, "मग हे आधी सांगायचं ना." कुणाला सांगू, ज्याने त्याचं नाव परमिट ऑल ठेवलं त्याला?

मधल्या काळात मी रजेवर असताना एका उत्साही सहकाऱ्याने कुठूनतरी एक स्निपेट (कोडचा तुकडा) आणून चिकटवला. हेतू चांगला होता, अजून एक वेबहुक सोडायचा होता. त्यासाठी त्याने इग्नोरिंग रिक्वेस्ट मॅचर्स वापरायचं सोडून रिक्वायर सीएसआरएफ प्रोटेक्शन मॅचर वापरला आणि त्यात लिहिलं की वेबहुक सोडून सगळ्यांना लागू. वाचायला एकदम बरोबर. गोची अशी की पहिलं जे आहे ते मूळ नियमात भर घालतं आणि दुसरं मूळ नियमच उचलून फेकतं, ज्यात गेटला माफी होती. आता सगळ्यांना म्हणजे खरंच सगळ्यांना. होमपेज ४०३, लोगो ४०३, स्टाइलशीट ४०३. एकच गोष्ट झोकात चालत होती, वेबहुक. त्याने टिकट क्लोज पण केलं होतं, त्याचं काम झालं होतं ना.

आणि मग व्हर्जन अपग्रेड. स्प्रिंग सिक्युरिटी ५ वरून ६ वर आलो आणि फ्रंटएंडवाला ओरडला की टोकनची कुकीच येत नाहीये. बरोबरच आहे, आता टोकन कुणी वाचायला मागेपर्यंत तयारच होत नाही, आळस नव्हे हं, परफॉर्मन्स म्हणायचं. ते मागून घेतलं तर कुकी आली, त्याने ती जशीच्या तशी हेडरमध्ये टाकली, पुन्हा ४०३. कारण ब्रीच नावाच्या (दाबून लहान केलेल्या उत्तराच्या आकारावरून गुपित ओळखणाऱ्या) हल्ल्यापासून बचाव म्हणून सर्व्हर आता दर वेळी एक्सॉर (बिटांची उलटापालट) करून वेष बदललेलं टोकन मागतो आणि कुकीत असतं मूळ रूपातलं. म्हणजे हातात खरं टोकन घेऊन गेलात तर हाकलतात. यासाठी वेगळा हँडलर लिहावा लागला, जो हेडरमधून आलं तर साधं मानतो आणि फॉर्ममधून आलं तर वेष उतरवून बघतो. फ्रंटएंडवाला म्हणाला, "हे डॉक्युमेंटेशनमध्ये आहे का?" आहे. आहे रे बाबा. तिथे सगळं आहे, फक्त ४०३ आल्यावर माणूस डॉक्युमेंटेशन वाचायच्या मनःस्थितीत नसतो.

तर सध्या माफीच्या यादीत दोन यूआरएल आहेत, दोन्ही वेबहुकच्या, दोन्हींच्या डोक्यावर कॉमेंट की का सोडलीय आणि सही कुठे तपासतो. लॉगआउटसुद्धा आता पोस्टने होतं, टोकनसकट, त्यावरून दोन डेव्हलपर आणि एक डिझायनर नाराज आहेत, असू देत. तोंडी अर्ज बंद केलेत, काय ते पुल रिक्वेस्टने (कोडमधला बदल तपासायला पाठवून) या म्हटलंय.

आजच एक आलीय. नाव 'छोटासा बदल', डिस्क्रिप्शन कोरं. उघडून बघितलं तर माफीच्या यादीत खरंच एकच ओळ वाढवलीय. स्लॅश स्टार स्टार. म्हणजे झाडून सगळ्या यूआरएल. खाली टेस्टरचा आणि मोबाइलवाल्याचा अप्रूव्हल पण पडलाय.